आफ्रिकन घरातलं ऑटिस्टिक मूल, त्याचं पोट आणि त्याचं ताट: नवीन आलेल्यांसाठी पायरी पायरीने

नैरोबी, कंपाला, दार-एस-सलाम, अदिस... आपल्याकडून इकडे बरेच ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट), स्पीच थेरपिस्ट, स्पेशल एज्युकेटर येतात, काही जणी नवऱ्याच्या पोस्टिंगमुळे येतात आणि घरी बसून कंटाळा आला की जवळच्या सेंटरवर मदतीला जायला लागतात. तुम्ही कोणीही असा, पहिल्या आठवड्यातच एखादी आई शेजारी येऊन बसणार आणि हळूच विचारणार, "डाक्तारी, याला काय खायला घातलं की हा बोलायला लागेल?" तुम्ही डॉक्टर नसलात तरी डाक्तारीच, ते आता अंगवळणी पाडून घ्या.

उत्तर मात्र आधीच पाठ करून ठेवा, असं कुठलंच खाणं नाही. आहारानं ऑटिझम जात नाही. पण एवढं बोलून गप्प बसू नका, कारण त्या प्रश्नामागे बहुतेक वेळा वेगळाच खरा त्रास असतो, पोरगं चार-चार दिवस शी करत नाही, पांढरी उगाली (मक्याच्या पिठाची घट्ट उकड) आणि चिप्स (बटाट्याच्या तळलेल्या फोडी) सोडून काही तोंडात घेत नाही, रात्री दोनला उठून ओरडत बसतं. यात सुधारणा होते, चांगली होते, आणि पोट दुखायचं थांबलं की मूल झोपतं, वर्गात बसतं, थेरपीत जवळ येऊ देतं. मी आहाराचं काम करते आणि नैरोबीत राहते त्यामुळे उदाहरणं जास्त केनियातली येतील, नायजेरिया किंवा इथिओपियाचं जिथे वेगळं आहे तिथे सांगते. आफ्रिका म्हणजे एक देश नाही हे तर माहीतच असेल, पण ताटाच्या बाबतीत ते रोज आठवावं लागतं.

सुरू करायच्या आधी: हे पोटाचं प्रकरण आलं कुठून

1998 मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड नावाच्या ब्रिटिश डॉक्टरनं लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात 12 मुलांवरचा एक पेपर छापला, आतड्याची सूज, ऑटिझम आणि एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लस यांची सांगड घालणारा. 2010 ला तो पेपर मागे घेतला गेला, डॉक्टरकीचं लायसनही गेलं, पण तोवर व्हायचं ते होऊन बसलं होतं. अमेरिकेत मिनियापोलिसला सोमाली लोकांची मोठी वस्ती आहे, तिथल्या आयांना वाटत होतं की हे आपल्याकडे कधी नव्हतं, इथे आल्यावरच पोरांना व्हायला लागलं. हा माणूस तिथे जाऊन त्यांना भेटला. लसीकरण घसरलं, 2011 ला गोवर आला, 2017 ला परत आला आणि 70 च्या वर केसेस झाल्या, त्यात बहुतेक सोमाली पोरं. हे इथे सांगायचं कारण म्हणजे नैरोबीतला ईस्टली हा सोमाली भाग, तिथल्या कित्येक घरांची माणसं मिनियापोलिसला आहेत, तिकडचा व्हॉट्सॲप फॉरवर्ड इकडे दुसऱ्या दिवशी पोचतो. त्यामुळे पहिल्या भेटीत लसींचं विचाराच, पण ओरडून नाही.

मग पोटाचं सगळंच खोटं का, तर नाही. 2014 मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला त्यात ऑटिस्टिक मुलांना पोटाच्या तक्रारी इतर मुलांच्या साधारण चौपट दिसल्या, बद्धकोष्ठता त्यात अगदी वरती. आणि 2021 मध्ये ऑस्ट्रेलियात 247 मुलांच्या शीचे नमुने तपासले तेव्हा जे दिसलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं: मूल निवडक खातं, म्हणून ताट एकसुरी होतं, म्हणून आतड्यातल्या जंतूंचे प्रकार कमी होतात. म्हणजे जंतू बिघडले म्हणून ऑटिझम, असं जे विकलं जातं त्याच्या बरोब्बर उलट. तेव्हा आतड्यातल्या जंतूंची महागडी टेस्ट करून घेऊ का असं कोणी विचारलं तर सरळ नको म्हणा, त्या पैशात दोन महिन्यांची अंडी येतात.

पायरी 1: आठवडाभर फक्त लिहा

काही बदलू नका. फक्त नोंद. मूल काय खातं, किती, कोणत्या ब्रँडचं, कोणाच्या हातनं, शी कधी आणि कशी, झोप कधी मोडली. इथे अडचण अशी की आई पहाटे पाचला मटाटू, म्हणजे इथली मिनीबस, पकडून कामाला जाते आणि दिवसभर भरवणारी असते घरकामाची मुलगी नाहीतर शोशो, म्हणजे आजी. आईला विचारलंत तर ती ताटात काय वाढलं जातं ते सांगणार, पोटात काय जातं ते नाही. त्यामुळे जी भरवते तिलाच विचारा, लिहिता येत नसेल तर फोटो मागवा, इथे साधा फोनवालाही कोणाकडून तरी फोटो पाठवतो.

चहा विसरू नका. केनियात दुधाचा गोड चहा आणि पांढरा ब्रेड हा पोरांचाही नाश्ता, आपल्याकडच्या चहा-पोळीसारखाच, आणि आई तो खाण्यात धरतच नाही. दिवसाला तीन कप चहा पिणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाला भूक नसणारच, शिवाय जेवणाबरोबर चहा प्यायला की धान्य-भाजीतलं लोह अंगाला नीट लागत नाही. कधीकधी नुसता जेवणाच्या आजूबाजूचा चहा बंद करून बरंच काम होतं.

मूल पाचच्या आतलं असेल तर दंडाला माप लावायची रंगीत पट्टी क्लिनिकमध्ये असते ती लावून घ्या, 11.5 सेंटिमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, त्या मुलाला आधी दवाखाना, ऑटिझमचं नंतर. आईकडे क्लिनिकचं हँडबुक असतंच, त्यातला वाढीचा आलेख उघडून बघा, कितीतरी वेळा तो मध्येच थांबलेला असतो कारण मूल क्लिनिकमध्ये ओरडतं म्हणून आईनं न्यायचंच सोडून दिलेलं असतं.

पायरी 2: शी

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि तुम्हीही घालवा.

बोलता न येणाऱ्या मुलाचं पोट दुखतंय हे ओळखायचं कसं? ते टेबलाच्या कडेवर पोट दाबून वाकतं, गादीवर पालथं पडून राहतं, मूठ पोटात खुपसतं, जेवल्यावर थोड्या वेळानं डोकं आपटायला लागतं, रात्री उठतं. घरचे याला हट्ट म्हणतात, शेजारचे त्याहून वाईट काहीतरी म्हणतात, आणि सेंटरवाले "बिहेवियर" लिहून मोकळे होतात. एक आई मला ठामपणे म्हणाली होती, "याला बद्धकोष्ठ कसलं, याला तर रोज जुलाब होतात, चड्डी सारखी खराब." पोट हातानं दाबलं तर डाव्या बाजूला खाली दगडासारखी गाठ लागत होती. आत कडक शी अडकलेली असते आणि तिच्या बाजूनं पातळ पाणी झिरपत राहतं, त्यालाच घरचे जुलाब समजतात आणि जुलाब थांबवायचं औषध देतात, म्हणजे आगीत तेल. ही गोष्ट नव्या माणसाच्या हमखास नजरेतून सुटते.

अशा वेळी फायबर वाढवू नका! आधी अडकलेलं मोकळं व्हायला पाहिजे, ते डॉक्टरच्या सल्ल्यानं औषधानं होतं, लॅक्ट्युलोजचं सिरप केमिस्टकडे मिळतं, मॅक्रोगॉल मिळालं तर आणखी बरं. आणि मोकळं झालं की लगेच औषध बंद करायचं नाही, काही महिने रोज चालू ठेवावं लागतं कारण ताणलं गेलेलं आतडं मूळपदावर यायला वेळ घेतं. आया आठवड्यात बंद करतात, सवय लागेल म्हणून घाबरतात. हे परत परत सांगावं लागतं, कंटाळू नका.

आता संडास. किबेरा, कावांगवारे अशा वस्त्यांत एक खड्ड्याचा संडास दहा-बारा घरांत, अंधार, माश्या, वास, खाली काळं भोक. वासाला आणि आवाजाला हळवं असलेलं मूल तिथे पाय ठेवत नाही, धरून ठेवतं, धरून ठेवलं की कडक होते, कडक झाली की दुखते, दुखली की अजून धरून ठेवतं. या मुलाला पपई आणि पाणी कितीही द्या, काही होणार नाही. घरातच झाकणवाली छोटी बादली नाहीतर पॉटी ठेवायची, पाय टेकायला खाली ठोकळा किंवा उलटा डबा, आणि सकाळच्या उजीनंतर, म्हणजे पिठाच्या पातळ पेजेनंतर, रोज त्याच वेळी पाच-दहा मिनिटं बसवायचं, कारण खाल्ल्यावर आतडं आपसूक हलतं. झाली तर शाबासकी, नाही झाली तर काही बोलायचं नाही.

पायरी 3: पाणी, जंत, माती

हे पुण्या-मुंबईच्या क्लिनिकमधून आलेल्यांच्या डोक्यात पटकन येत नाही. घाण पाणी आणि सांडपाण्यात वाढणाऱ्या मुलांचं आतडं सारखं सुजलेलं राहतं आणि खाल्लेलं अन्न नीट शोषलं जात नाही, हे मालावी, झांबियासारख्या देशांत चांगलं अभ्यासलं गेलंय. तेव्हा गट हेल्थ (आतड्याचं आरोग्य) गट हेल्थ करत प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या जंतूंच्या कॅप्सूल, शोधण्याआधी पाणी उकळलेलं आहे का, शीनंतर हात साबणानं धुतात का हे बघा. पातळ, घाणेरड्या वासाची, तेलकट शी महिनाभर चालू असेल तर जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीसाठी शीची तपासणी, ती स्वस्त असते.

जंताची गोळी केनियात शाळेत मिळते, सरकारी मोहीम 2012 पासून चालू आहे. पण तुमचं मूल शाळेतच जात नाही ना, मग ते सुटतं. आरोग्य केंद्रात विचारून द्यायला सांगा, दोन वर्षांच्या वर अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅम, एक ते दोन वर्षांत निम्मी. गोळी कुस्करून किंवा चावून, आख्खी ढकलायची नाही, घशात अडकते.

माती खाणारी मुलं इथे खूप. गरोदर बायकाही ओडोवा नावाचा मऊ दगड खातात, बाजारात विकत मिळतो, त्यामुळे पोरानं माती खाल्ली तर घरात कोणाला काही वाटत नाही. ऑटिस्टिक मूल मात्र माती, भिंतीचा रंग, कोळसा, काय हाताला येईल ते खातं. तिथे रक्तातलं हिमोग्लोबिन बघायचं, जंत बघायचे, आणि आसपास जुन्या बॅटऱ्या फोडण्याचं काम चालत असेल तर शिसं. मोम्बासाजवळच्या ओविनो उहुरू वस्तीत बॅटऱ्या वितळवणाऱ्या कारखान्यामुळे लोकांच्या रक्तात शिसं गेलं होतं, नायजेरियात झामफारामध्ये 2010 ला सोन्याचा खडक घरात कुटताना उडालेल्या शिशाच्या धुळीनं शेकडो मुलं दगावली. माती खाणाऱ्या मुलाला हा धोका सगळ्यात जास्त.

आणि लोहाचं औषध स्वतःहून सुरू करू नका. आपल्याकडे सहज देतो तसं इथे नाही, मलेरियाचा भाग असेल तर डॉक्टरला विचारूनच. टांझानियातल्या पेंबा बेटावर मलेरिया भरपूर असताना मुलांना सरसकट लोह दिलं तेव्हा दवाखान्यात भरती आणि मृत्यू उलटे वाढले आणि तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला, 2006 मध्ये ते छापून आलं.

पायरी 4: बाजारात चला

मराठी माणसाचा इथे खरंच फायदा आहे, कारण मामा म्बोगाच्या, म्हणजे भाजीवालीच्या, टपरीवर उभं राहिलात तर अर्धं सामान ओळखीचं. विंबी म्हणजे आपली नाचणी, म्तामा ज्वारी, न्देंगू मूग, कुंदे चवळी, म्बाझी तूर, सिमसिम तीळ, तेरेरे किंवा म्चिचा म्हणजे माठाचाच भाऊबंद, न्दुमा अळूचा कंद, मोरिंगा शेवगा. पूर्व आफ्रिकेतली तूर तर जहाजानं आपल्याकडे येते आणि वरणात शिजते. तेव्हा क्विनोआ, चिया, बदामाचं दूध अशी यादी इंटरनेटवरून काढून आईच्या हातात देऊ नका, मी अशा याद्या पाहिल्यात, महिन्याच्या भाड्याएवढा खर्च. तिच्या ओळखीचंच काढा.

2010 मध्ये बुर्किना फासोतल्या एका खेड्यातल्या आणि इटलीतल्या फ्लॉरेन्समधल्या मुलांच्या आतड्यातले जंतू शेजारी ठेवून पाहिले होते. खेड्यातली मुलं बाजरी, ज्वारी, चवळी, भाज्या खाणारी, त्यांच्या पोटात फायबर पचवणारे जंतू कितीतरी जास्त निघाले. म्हणजे शोशोचं गावाकडचं जेवण पोटासाठी उत्तमच होतं, बिघडलं ते शहरात आल्यावर, चाळलेल्या पांढऱ्या मक्याची उगाली, ब्रेड, चिप्स, सोडा. हे आईला सांगितलं ना की तिचा चेहरा बदलतो, कारण तोवर सगळ्यांनी तिला तिचं खाणंच वाईट म्हणून सांगितलेलं असतं.

आंबवलेली उजी तर आपली आंबीलच. रात्री वाटीभर विंबीचं पीठ दोन वाट्या पाण्यात कालवून झाकून ठेवायचं, एक-दोन दिवसांत बुडबुडे आणि आंबूस वास आला की सुफुरियात, म्हणजे इथल्या बिनकानाच्या पातेल्यात, तीन-चार वाट्या पाणी उकळून त्यात ओतायचं आणि म्विकोनं (लाकडी उलथन्यानं) हलवत पंधरा मिनिटं शिजवायचं. वरून चमचाभर शेंगदाण्याचं कूट किंवा पेस्ट. आंबवल्यानं धान्यातलं लोह, झिंक अंगाला जास्त लागतं. नाचणीच्या 100 ग्रॅम पिठात 340-360 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं खरं, पण एका कप उजीत पीठ जातं जेमतेम 30 ग्रॅम, म्हणजे शंभरेक मिलिग्रॅम, तेव्हा एका कपात सगळं झालं असं समजू नका. आणि बाजारात दहा-बारा धान्यं, सोयाबीन, सुकी मासळी सगळं एकत्र दळलेलं उजीचं पीठ मिळतं त्याच्या नादी लागू नका, एक धान्य फार तर दोन, काय पचलं काय नाही ते कळतं तरी.

मक्याचं पीठ पाकिटातलं असेल तर केनियात कायद्यानं त्यात लोह, झिंक, व्हिटॅमिन ए घातलेलं असतं, गल्लीतल्या गिरणीवर दळलेल्यात नसतं. मका आणि शेंगदाणा बुरशी लागलेला, काळपट, कडू असेल तर फेकायचाच, धुवून शिजवून विष जात नाही. 2004 मध्ये पूर्व केनियात अशा मक्यानं 125 माणसं गेली.

ओमेना म्हणजे व्हिक्टोरिया सरोवरातले बोटाएवढे मासे, टांझानियात डागा म्हणतात. काट्यासकट खायचे म्हणून कॅल्शियम, लोह, झिंक सगळं त्यात, आणि अगदी थोड्या पैशाचेही विकत मिळतात. पण वास आणि डोळे! बरीच मुलं बघूनच पळतात. तव्यावर कोरडे भाजून, डोकी काढून, कुटून पूड केली तर मोठ्यांच्या भाजीत तरी जाते, मुलाचं पुढच्या पायरीत सांगते. केशरी रताळं मिळालं तर घ्याच, व्हिटॅमिन ए साठी ते इतकं कामाचं ठरलं की त्यावर काम करणाऱ्यांना 2016 चं वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं.

दूध. बऱ्याच आफ्रिकन लोकांना मोठेपणी दूध पचत नाही, मसाई किंवा फुलानींसारख्या गुरं राखणाऱ्यांना मात्र पचतं. लहान मुलाचं पोट दुधानं फुगत असेल तर मझिवा लाला म्हणजे आंबवलेलं दूध देऊन बघा, कालेंजीन लोकांत भोपळ्याच्या कवचात आंबवलेलं मुर्सिक असतं. घरी आंबवायचं तर आधी उकळून.

पायरी 5: एका वेळी एकच नवीन, आणि खात्रीच्या पदार्थाला हात न लावता

मूल दोनच पदार्थ खात असेल तर ते दोन पदार्थ पवित्र समजा. त्यात काही लपवायचं नाही. ओमेनाची पूड उजीत गुपचूप मिसळायची आयडिया सगळ्यांना सुचते, आणि मुलाला एका घोटात कळतं, मग ते उजीच सोडतं, आता उरला एकच पदार्थ. मिसळायचंच तर मुलाच्या समोर, वेगळ्या कपात, चिमूटभर.

जे आवडतं त्याच्या जवळचं शोधा. चिप्स खातो? मग त्याच आकारात कापलेलं तळलेलं रताळं, मग तेच उकडून, मग न्दुमा. पांढरी उगाली खातो? तर शेजारी सुपारीएवढा गोळा विंबी मिसळलेल्या उगालीचा, दुसऱ्या ताटलीत, खायची सक्ती नाही, बघायचा, हात लावायचा, वास घ्यायचा, ओठाला लावून टाकून दिला तरी चालेल. दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर एखादा घास जातो, कधी जातच नाही. सुकुमा विकी या इथल्या रोजच्या पालेभाजीचं देठ काढून बारीक चिरा, काही मुलांना मऊ लिबलिबीत चालत नाही तर तीच पानं कडेला कुरकुरीत भाजलेली खातात. मुलाला काय आवडत नाही त्यापेक्षा कसलं आवडतं ते लिहा, कुरकुरीत, गार, पांढरं, कोरडं, मग त्यानुसार बाजारातून निवडा.

नाक दाबून, मांडीत धरून भरवणं बंद. श्वासनलिकेत जातं, न्यूमोनिया होतो, आणि चमचा दिसला की ओरडणारं मूल तयार होतं.

पायरी 6: "ग्लुटेन-कॅसिन बंद करा" म्हणणाऱ्यांचं काय करायचं

ग्लुटेन म्हणजे गव्हातलं प्रथिन, कॅसिन म्हणजे दुधातलं, ही दोन्ही बंद केली की ऑटिझम सुधारतो असं सांगणारे भेटतात. एक गंमत बघा, पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतलं मूळ जेवण मका, ज्वारी, बाजरी, भात, कसावा (साबुदाण्याचा कंद), मटोके (शिजवायची हिरवी केळी), इथिओपियात टेफ या बारीक धान्याचा आंबवलेल्या डोशासारखा इंजेरा, सगळं ग्लुटेन नसलेलंच. घरात गहू येतो तो चपाती, मंडाझी (तळलेले गोड वडे) आणि ब्रेडच्या रूपात. त्यामुळे ग्लुटेन बंद करायचा हट्टच असेल तर इम्पोर्टेड बिस्किटं न घेता होतं, आणि एखादी आई ब्रेड-मंडाझी कमी करून खूश असेल तर मी वाद घालत नाही. सुधारणा होते असा भरवशाचा पुरावा मात्र नाही, कोणाला काय दिलं हे लपवून जे छोटे प्रयोग झाले त्यात फरक दिसला नाही. सीलिएक आजाराचा, म्हणजे ग्लुटेननं आतडं खराब होतं त्या आजाराचा, संशय असेल तर गहू बंद करायच्या आधी रक्ततपासणी, नंतर केली तर चुकीची नॉर्मल येते. अल्जेरियातल्या सहारावी निर्वासितांच्या मुलांमध्ये तर हा आजार जगात सगळ्यात जास्त सापडलाय, 100 पैकी पाचाहून जास्त.

दुधाचं मात्र मी भांडते. नायजेरियात भरपूर उन्हातल्या मुलांचे पाय वाकलेले दिसायचे, व्हिटॅमिन डी कमी म्हणावं तर ऊन भरपूर, कारण निघालं कॅल्शियम, जेवणात मका-कसावा आणि दूध जवळजवळ नाहीच. कॅल्शियम दिल्यावर हाडं सुधारली, 1999 ला ते छापून आलं. आता ज्या मुलाच्या ताटात दोनच पदार्थ आहेत त्यातलं एक दूध असेल आणि तेही काढलंत तर काय उरलं? काढायचंच तर आधी ओमेना, तीळ, विंबी, पालेभाजी तो खरंच खातोय का ते दाखवा, कागदावर नाही, पोटात.

इथिओपियात वेगळी गोष्ट, ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन घरांत वर्षातले साधारण 180 दिवस उपास, म्हणजे दूध-अंडी-मांस नाही. सात वर्षांखालच्या मुलांना सूट असते पण घरात शिजतंच नाही तर मिळणार कुठून. उपास सुरू व्हायच्या आधीच घरच्यांशी बोलून मुलाची अंडी वेगळी ठरवून घ्या.

पायरी 7: विकायला येणाऱ्या गोष्टी

उंटाचं दूध, कारण उत्तर केनियात ते घराघरात आहे आणि ऑटिझमवर औषध म्हणून जोरात चालतं. दूध म्हणून चांगलं आहे, द्या, पण उकळून, कच्च्यातून ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून येणारा तापाचा आजार होतो. औषध म्हणून दुप्पट पैसे मागत असेल तर नको. प्रोबायोटिक कॅप्सूलसाठी कर्ज काढू नये. शीचं प्रत्यारोपण (निरोगी माणसाच्या शीतले जंतू मुलाच्या आतड्यात घालणं) विचारणारे आता भेटतात, ॲरिझोनाचा 2017 चा जो प्रयोग दाखवतात त्यात 18 मुलं होती आणि तुलनेला खोटं औषध घेणारा गट नव्हता. मिरॅकल मिनरल सोल्युशन म्हणून जे थेंब किंवा एनिमा देतात ते कपडे-कागद पांढरे करायचं ब्लीच आहे, 2019 ला युगांडात खेड्यापाड्यांत वाटलं जात असल्याचं उघड झालं होतं. कोणाच्या घरात दिसलं तर त्या दिवशीची बाकीची कामं सोडा आणि त्यावरच बोला.

पायरी 8: घरातली माणसं

इथे आईला मुलाच्या नावानं हाक मारतात, मामा ब्रायन, मामा आमिना, तुम्हीही तशीच मारा. किनाऱ्यावर आणि सोमाली घरात एका मोठ्या परातीत सगळे जेवतात, तिथे या मुलाला वेगळी ताटली दिली की आजोबांना अपमान वाटतो. मी आजी-आजोबांनाच सेंटरवर बोलावते आणि मुलगा वेगळ्या ताटलीत शांतपणे खाताना दाखवते, समजावून सांगण्यापेक्षा ते लवकर पटतं. मूल परातीजवळ बसलं पाहिजे, ताटली वेगळी असली तरी, एवढं ठरवलं की बहुतेक घरं तयार होतात. शाप, करणी, गरोदरपणी तू काय खाल्लंस, हे आईला इतक्यांनी ऐकवलेलं असतं की तुमच्या "काय खातो" या साध्या प्रश्नातही तिला आरोप ऐकू येतो. म्हणून पहिला प्रश्न, "त्याला काय आवडतं?"

दवाखान्यात कधी पाठवायचं

शीत रक्त, वजन उतरणं, सारखी उलटी, फुगून टणक झालेलं पोट, खाताना वारंवार ठसका. हिरड्यांतून रक्त आणि अचानक चालायचं बंद झालं तर व्हिटॅमिन सीची कमतरता, म्हणजे स्कर्व्ही, डॉक्टरला आठवण करून द्या, कारण निवडक खाणाऱ्या ऑटिस्टिक मुलांत ती सापडते आणि आधी हाडांच्या, रक्ताच्या भलत्याच आजारांच्या तपासण्या होत बसतात. संध्याकाळी अंधुक दिसतं, मूल धडपडतं असं घरचे म्हणाले तर व्हिटॅमिन ए. सरकारी हॉस्पिटलात रांग लांब असते आणि हे मूल रांगेत टिकत नाही, त्यामुळे सकाळी लवकर, त्याचा खात्रीचा पदार्थ डब्यात, आणि आठवड्याची नोंदवही आईच्या हातात नाही तर तुमच्या हातात, म्हणजे डॉक्टर वाचतो.

फिट येणारी मुलं यात बरीच असतात आणि इथे अजून फेनोबार्बिटोन भरपूर दिलं जातं, वर्षानुवर्षं घेतलं की व्हिटॅमिन डी कमी होतं, ते विचारून घ्या. चिडचिड-आक्रमकपणासाठीचं रिस्पेरिडोन चालू असेल तर भूक अचानक वाढते, घरचे खूश होतात, पण दर महिन्याला वजन करा. आणि कुठलीही गोळी उगालीत लपवून द्यायची नाही.